आपत्तीपूर्व नकाशे आणि खुली भू-माहिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने येणारे स्वयंसेवक, मदतकार्यातल्या संस्था आणि अधूनमधून एखादा वैतागलेला जुना नकाशाकार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, वादाचे शेवटी. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान ५ आणि १० तरी वाचा.

१. आपत्तीसाठी नकाशा काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

उपग्रहचित्रात किंवा प्रत्यक्ष जागेवर जे दिसतं ते एका खुल्या नकाशात नोंदवायचं. घरं, रस्ते, पायवाटा, ओढे, पूल, शाळा, दवाखाने, पाणी भरायच्या जागा, सगळं त्यात आलं. हा खुला नकाशा बहुतेक वेळा ओपनस्ट्रीटमॅप असतो. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये तो सुरू केला आणि आज जगभरातले स्वयंसेवक तो भरत असतात.

पडद्यावर दिसणारा रंगीत नकाशा हे त्याचं एक रूप झालं. खरा ऐवज त्याखालची माहिती. तिची रचना साधी आहे: बिंदू, रेषा, आणि अनेक घटक एकत्र बांधणारं ‘रिलेशन’. प्रत्येकाला टॅग चिकटवलेले असतात. घराच्या आकृतीला ‘बिल्डिंग=येस’ असा टॅग लागला की संगणकाला ते घर म्हणून कळतं. बचावपथक, पाणी किती घरांत शिरेल याचा हिशेब मांडणारा अभ्यासक आणि त्याच गल्लीत राहणारा माणूस, तिघेही तीच माहिती आपापल्या कामापुरती उचलतात.

२. गूगल मॅप्स असताना हा खटाटोप कशाला?

रोजच्या वापराला गूगल मॅप्स उत्तम आहे, ते सोडा असं कुणी म्हणत नाही. पण तो नकाशा पाहता येतो, नेता येत नाही. नदीकाठच्या पट्ट्यातली सगळी घरं उतरवून घ्यायची, त्यावर पाण्याची पातळी ठेवून पाहायची, कागदावर छापून पथकाला द्यायची, असं काही करायचं झालं की परवान्याची भिंत आडवी येते.

शिवाय व्यापारी नकाशा गिऱ्हाईक असेल तिथे भरतो. ज्या वस्तीत दुकान नाही, हॉटेल नाही, घरपोच माल जात नाही, तिथल्या पायवाटा काढायची कुठल्याच कंपनीला घाई नसते. आणि पूर, दरड, चक्रीवादळ यांचा पहिला तडाखा बहुतेकदा अशाच वस्त्यांना बसतो.

३. मला जीआयएस (संगणकावर भू-माहिती हाताळण्याचं तंत्र) वगैरे काही येत नाही. जमेल का?

जमेल. ब्राउझरमध्ये उघडणारा ‘आयडी’ हा एडिटर नवख्यांसाठीच आहे. खातं उघडा, सुरुवातीची शिकवणी पूर्ण करा, आणि आधी आपल्या ओळखीचा परिसर भरा. चूक झाली तर ती तुमची तुम्हालाच दिसते, हा त्याचा फायदा. पुढे काम वाढलं की लोक ‘जोसम’कडे वळतात. ते थोडं रुक्ष वाटतं, पण हात बसला की वेगवान आहे. संगणकच नसेल तर अँड्रॉइड फोनवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ टाका. ‘या इमारतीला मजले किती?’, ‘हा रस्ता डांबरी की मातीचा?’ असे प्रश्न ते विचारतं आणि तुमचं उत्तर नकाशात नेऊन ठेवतं.

सामूहिक मोहिमा ‘टास्किंग मॅनेजर’वर चालतात. मोठ्या भूभागाचे तिथे चौकोन पाडलेले असतात. तुम्ही एक चौकोन उचलला की तो इतरांसाठी बंद होतो, म्हणजे दोघांनी तीच घरं दोनदा काढायची वेळ येत नाही. काम अर्धवट राहिलं तर तसं लिहून चौकोन सोडून द्या. अडवून बसू नका.

४. प्रमाणपत्र मिळतं का?

काही मॅपाथॉनचे, म्हणजे एकत्र बसून नकाशा भरण्याच्या कार्यक्रमांचे, आयोजक देतात, काही देत नाहीत. तुमच्या खात्यावर तुमचं प्रत्येक संपादन तारखेसकट कायम दिसतं. कुणाला दाखवायचंच असेल तर तो पुरावा अधिक बोलका.

५. आपत्ती आली की बोलवा, तेव्हा सगळे मिळून काढू. आत्तापासून कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आमचं मत ठाम आहे: आपत्तीच्या आधी काढलेलं एक घर नंतर काढलेल्या दहा घरांपेक्षा मोलाचं.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा खुला नकाशा जवळजवळ कोराच होता. उपग्रह कंपन्यांनी चित्रं खुली केली, आणि जगभरातल्या शेकडो लोकांनी घरबसल्या काही दिवसांत रस्ते, इमारती आणि तंबूंच्या छावण्या काढून दाखवल्या. बचावपथकांनी तो नकाशा जीपीएसवर घालून वापरला. त्या अनुभवातून त्याच वर्षी ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’, म्हणजे हॉट, ही संस्था रीतसर उभी राहिली. ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाते, आणि कौतुक योग्यच आहे. पण ढिगाऱ्याखालच्या माणसाकडे काही दिवस नसतात. नकाशा तयार होत होता, तेव्हा सगळ्यात मोलाचे तास निघून चालले होते.

आता नेपाळ पाहा. काठमांडू खोऱ्यातल्या शाळा आणि रुग्णालयं खुल्या नकाशात नोंदवण्याचं काम भूकंपाच्या काही वर्षं आधीच सुरू झालं होतं. त्यातूनच २०१३ मध्ये ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्स’ ही स्थानिक संस्था उभी राहिली. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा हाताशी नुसता नकाशा नव्हता, तो ओळखणारी माणसंही होती. जगभरातले हजारो स्वयंसेवक दुर्गम भागातल्या वस्त्या काढायला धावले. आधी कुठला भाग, कुठले रस्ते, हे सांगायला काठमांडूत कुणीतरी बसलेलं होतं. बाहेरच्या मदतीला दिशा तिथून मिळाली.

ऐनवेळी काढण्यात आणखी अडचणी आहेत. पूर आणि चक्रीवादळात आकाश ढगांनी भरलेलं असतं, त्यामुळे नेहमीच्या कॅमेऱ्याची नवी उपग्रहचित्रं दिवसेंदिवस मिळत नाहीत. एकाच वेळी शेकडो नवखे घुसतात. एका घरावर तीन आकृत्या चढतात, आणि अनुभवी लोकांचा वेळ काढण्यापेक्षा निस्तरण्यात जातो.

६. जिथे मी कधी गेलोच नाही तिथला नकाशा मी कसा काढणार?

वरून दिसतं तेवढाच काढायचा. छप्पर दिसतं, रस्ता दिसतो, नदीचं पात्र दिसतं. तेवढं काढलं तरी पुढच्या माणसाचं निम्मं काम होतं. २०१४ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस, ब्रिटिश रेड क्रॉस, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि हॉट यांनी मिळून ‘मिसिंग मॅप्स’ सुरू केलं, त्याची रीत हीच: दूरचे स्वयंसेवक आकृत्या काढतात, स्थानिक लोक त्यांत नावं आणि उपयोग भरतात, मग ती माहिती मदतसंस्था वापरतात.

जे दिसत नाही त्याचा अंदाज बांधू नका. लांबुळकी इमारत आणि समोर मैदान म्हणजे शाळाच असेल असं वाटतं. ते गोदामही असू शकतं. ‘बिल्डिंग=येस’ लिहा आणि पुढे चला. ती शाळा आहे हे जागेवरचा माणूस सांगेल (प्रश्न ११).

७. पहिल्या दिवशी काय काढू, घरं की रस्ते?

मोहिमेच्या सूचनांत जे लिहिलं असेल तेच. लसीकरणाच्या मोहिमेला घरं लागतात, कारण तिथे लोकसंख्येचा अंदाज बांधायचा असतो. मदतीचे ट्रक न्यायचे असतील तर रस्ते लागतात. नवख्याने घरांपासून सुरुवात करावी असं आम्ही सुचवतो. चुकलेलं घर फार नुकसान करत नाही. चुकलेला रस्ता करतो.

८. घराची आकृती छपरावरून काढायची की पायावरून?

नकाशात घर जमिनीवर जिथे टेकतं ती जागा हवी. उपग्रह तिरका पाहत असेल तर उंच इमारतीचं छप्पर पायापासून सरकलेलं दिसतं आणि एका बाजूची भिंत उघडी पडते. अशा वेळी छपराची आकृती नीट काढा, कारण कडा तिथेच स्पष्ट असतात, आणि मग ती अख्खी उचलून भिंतीच्या तळाशी नेऊन ठेवा. बैठ्या घरांना याची गरज पडत नाही.

कोपरे काटकोनात आणायला आयडी आणि जोसम दोन्हींत ‘क्यू’ हे बटण आहे, गोल झोपड्यांसाठी ‘ओ’. नवख्यांच्या कामात सर्वांत जास्त सापडणारा दोष म्हणजे वाकडेतिकडे, काटकोन न केलेले कोपरे. दुसरा, दाटीची दहा घरं मिळून काढलेला एकच मोठा ठोकळा. दाटीत हद्द दिसत नसेल तर सावल्या पाहा. दोन छपरांची उंची वेगळी असली की मध्ये काळी रेघ पडते.

९. चित्र आणि आधी काढलेला नकाशा जुळत नाही, सगळंच दहा मीटर सरकलेलं आहे. कोण बरोबर?

बहुधा चित्र सरकलेलं असतं. दोन कंपन्यांची चित्रं एकमेकांशीही तंतोतंत जुळत नाहीत, आणि डोंगराळ भागात हा फरक वाढतो. एका रस्त्यावरच्या अनेक जीपीएस नोंदी उघडून पाहा. त्यांच्या गर्दीचा मध्य जिथे येतो तिथे रस्ता मानायचा. एकच नोंद असेल तर तिच्यावर विसंबू नका. मग एडिटरमधली सोय वापरून मागचं चित्र सरकवा आणि नकाशाशी जुळवून घ्या.

उलटं करू नका. नव्या चित्राबरहुकूम अख्खं गाव उचलून सरकवणारे उत्साही लोक वर्षातून एकदा तरी भेटतात, आणि ते पूर्ववत करणं कंटाळवाणं काम आहे.

१०. रस्ते आणि पूल काढताना कुठे घोटाळा होतो?

तीन ठिकाणी.

पहिली गोष्ट वर्गाची. ‘हायवे’ हा टॅग रस्त्याचं काम सांगतो, त्याची तब्येत नव्हे. दोन मोठ्या गावांना जोडणारा मातीचा रस्ता दिसायला कसाही असो, तो जोडरस्ताच. त्याला ‘ट्रॅक’, म्हणजे शेतात जाणारी गाडीवाट, करून टाकलं की मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर त्याला टाळू लागतं, आणि गावाला रस्ताच नाही असा निष्कर्ष निघतो. डांबर आहे की माती, खड्डे किती, रुंदी किती, हे सांगायला ‘सरफेस’, ‘स्मूदनेस’, ‘विड्थ’ असे वेगळे टॅग आहेत. ते वापरा.

दुसरी गोष्ट सांध्याची. दोन रस्ते पडद्यावर एकमेकांना टेकलेले दिसतात, पण त्यांचा बिंदू सामाईक नसतो. माणसाला ते जोडलेले वाटतात. यंत्राच्या लेखी मध्ये दरी असते, आणि ते चाळीस किलोमीटरचा वळसा सुचवतं. प्रत्येक तिठ्यावर चित्र मोठं करून सांधा तपासा.

तिसरी आणि सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे पाणी ओलांडण्याची जागा. रस्ता ओढ्यावरून जातो तिथे पूल असेल, मोरी असेल, पाण्याखाली जाणारी फरशी असेल, किंवा काहीच नसेल आणि गाड्या पाण्यातून जात असतील. चारही गोष्टी वरून सारख्याच दिसू शकतात. पावसात त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एडिटर इशारा देतो की रस्ता आणि ओढा जोडणीशिवाय छेदत आहेत, आणि तो इशारा घालवायला लोक सरळ पूल टाकून मोकळे होतात. असं करू नका. खात्री नसेल तर इशारा राहू द्या आणि त्या जागी ‘नोट’ ठेवा. जागा कोरी असेल तर चालक थांबून विचारतो. नकाशात पूल असेल तर तो विचारत नाही, काठापर्यंत जाऊन परत फिरतो.

पुलाजवळ वजनाच्या मर्यादेची पाटी असेल तर ती ‘मॅक्सवेट’मध्ये नोंदवा. मदतीचा भरलेला ट्रक त्यावरून न्यायचा की नाही हे त्या आकड्यावर ठरतं.

११. जागेवर जाऊन काय गोळा करायचं?

वरून न दिसणारं सगळं, पण एका फेरीत सगळं नाही. आधी प्रश्न ठरवा. पुरासाठी जात असाल तर नाले आणि घरांची जोती. भूकंपासाठी जात असाल तर भिंतीचं साहित्य, मजले, आणि मोकळ्या जागांकडे जाणाऱ्या वाटा.

टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये ‘रमानी हुरिया’ प्रकल्पात २०१५ पासून विद्यार्थी आणि रहिवासी यांनी मिळून पूरग्रस्त वस्त्यांचा नकाशा केला. नाल्याची निळी रेघ ओढून ते थांबले नाहीत. नाल्याची रुंदी, खोली, तो मातीचा की बांधलेला, कुठे तुंबतो, हे त्यांनी टेप घेऊन मोजलं. पाणी कुठे साचेल हे त्यावरून सांगता येतं. नुसत्या रेघेवरून येत नाही.

पुराची खूण नोंदवायची असेल तर ही पद्धत वापरा. ‘पाणी कुठवर आलं होतं?’ असं घोळक्यात विचारू नका, कारण घोळक्यात पहिला बोलणारा जे सांगतो त्यालाच बाकीचे मान डोलावतात. तीन घरांत वेगवेगळं विचारा. बोट ठेवून दाखवायला सांगा. जमिनीपासून त्या बोटापर्यंत टेप लावा, आणि कुठल्या वर्षीचा पूर ते लिहा. तिघांचे आकडे जवळपास आले तर नोंद पक्की. नाही आले तर उतार तपासा, बहुधा तिघंही खरं बोलत असतात.

साधनं साधीच लागतात. ‘फील्ड पेपर्स’ या संकेतस्थळावरून छापलेला नकाशाचा कागद, पेन्सिल, फोन. प्रश्नावली मोठी असेल तर ती फोनवर भरायला ‘कोबो’ किंवा ‘ओडीके’. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली काही मीटरच्या आत जागा दाखवतं. उंच इमारतींच्या गल्लीत ते बरंच भरकटतं, तिथे कागदावरची खूण जास्त भरवशाची. आणि सोबत तिथला माणूस असावाच. त्याच्याशिवाय गेलात तर बंद दारं आणि संशयी नजरा याच नोंदवून परत याल.

१२. एकाच जागेची तीन नावं आहेत. कुठलं लिहू?

लोक बोलतात ते ‘नेम’मध्ये. पाटीवरचं सरकारी नाव वेगळं असेल तर ‘ऑफिशियल नेम’मध्ये, जुनं नाव ‘ओल्ड नेम’मध्ये, पर्यायी ‘ऑल्ट नेम’मध्ये. भाषेगणिक वेगळं नाव लिहायचीही सोय आहे. मराठी नावासाठी ‘नेम’ला मराठीचा भाषासंकेत जोडला की झालं. कुठलंही नाव पुसायची गरज नाही.

हे किरकोळ वाटतं, पण मदतीसाठी फोन करणारा घाबरलेला माणूस सरकारी नाव सांगत नाही. तो ‘वरच्या टाकीजवळ’ म्हणतो. ती टाकी नकाशात त्याच नावाने असेल तर पथक पोहोचतं.

१३. आपत्तीत इंटरनेट बंद पडतं. मग नकाशाचा उपयोग काय?

आधी उतरवून ठेवला असेल तर पूर्ण उपयोग. ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ आणि ‘ऑस्मअँड’ ही अॅप अख्ख्या प्रदेशाचा नकाशा फोनमध्ये साठवतात, आणि जीपीएसला इंटरनेट लागत नाही. विश्लेषणासाठी कच्ची माहिती हवी असेल तर ‘जिओफाब्रिक’वर देश-प्रदेशवार संच रोज ताजे होतात, आणि हॉटच्या ‘एक्सपोर्ट टूल’मधून हवा तेवढाच तुकडा काढून घेता येतो.

तुम्ही आज केलेला बदल मुख्य नकाशात काही मिनिटांत दिसतो, पण दुसऱ्याच्या फोनमधला साठवलेला नकाशा त्याने अद्ययावत केल्याशिवाय बदलत नाही. हा उशीर लक्षात ठेवा, प्रश्न १८ मध्ये तो पुन्हा येणार आहे. आणि मोठ्या आकाराचा एक छापील नकाशा नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावाच. त्याला चार्जिंग लागत नाही.

१४. नाव माहीत नव्हतं, गूगलवर बघून टाकलं. चालेल ना?

नाही. गूगल मॅप्स, तिथली रस्त्यावरची छायाचित्रं किंवा हक्क राखीव असलेला कुठलाही नकाशा पाहून एकही नाव उतरवायचं नाही. असं एक नाव सापडलं की त्या खात्याच्या सगळ्याच कामावर शंका येते आणि ते पुसावं लागू शकतं. प्रत्यक्ष पाटी वाचून, रहिवाशाला विचारून, स्वतः काढलेल्या फोटोवरून किंवा ज्यांनी स्पष्ट परवानगी दिली आहे अशा चित्रांवरून घ्या. एडिटरमध्ये जी उपग्रहचित्रं मिळतात ती वापरायला परवानगी असते, म्हणूनच ती तिथे असतात.

१५. आमच्या संस्थेला ही माहिती वापरायची आहे. पैसे किंवा परवानगी लागते का?

दोन्ही लागत नाही. २०१२ पासून ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ‘ओपन डेटाबेस लायसन्स’खाली आहे. व्यावसायिक वापरही चालतो. अटी मुख्यतः दोन: श्रेय ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांना द्यायचं, आणि मूळ माहितीत भर घालून किंवा फेरफार करून तयार केलेला संच लोकांना दिला तर तो त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा. छापलेला नकाशा किंवा अहवालातली प्रतिमा याला ही दुसरी अट लागत नाही, श्रेय मात्र लागतं. संस्थेच्या आतच वापरत असाल, बाहेर देत नसाल, तर दुसऱ्या अटीचा प्रश्नच येत नाही.

१६. कुणीही काहीही बदलू शकतं, मग भरवसा कसा ठेवायचा?

प्रत्येक बदलावर खात्याचं नाव, वेळ आणि कारण असतं, जुनी आवृत्ती जपलेली असते, आणि खोडसाळपणा मागे घेता येतो. ‘ऑस्मचा’सारख्या साधनांतून संशयास्पद बदलांवर नजर ठेवली जाते. मोहिमांमध्ये दुसरा अनुभवी माणूस प्रत्येक चौकोन तपासतो.

हे सगळं खरं असलं तरी पहारा सगळीकडे सारखा नाही. शहराच्या मुख्य चौकातली चूक तासाभरात कुणीतरी पकडतं. दुर्गम भागातली चूक वर्षानुवर्षं तशीच राहते, कारण तिथे पाहणारंच कुणी नसतं. म्हणून दवाखाना, पूल, निवाऱ्याची जागा अशा ज्यांवर जीव अवलंबून असतो त्या नोंदींवर शेवटची पडताळणी कधी झाली ते पाहा. ‘चेक डेट’ असेल तर उत्तम. नसेल तर नोंदीचा इतिहास उघडा. फार जुनी वाटली तर फोन करून खात्री करा.

१७. आता एआय घरं काढतं. माणसांची गरज काय?

मायक्रोसॉफ्टने यंत्राने काढलेल्या इमारतींचे मोठे संच खुले केले आहेत, गूगलनेही २०२१ मध्ये आफ्रिकेपासून सुरुवात करून ‘ओपन बिल्डिंग्ज’ दिलं. मेटाच्या ‘रॅपिड’ एडिटरमध्ये यंत्राच्या सूचना एकेक तपासून स्वीकारता येतात. हे वापरा, त्यात कमीपणा नाही. मोकळ्या वस्तीतली शे-दोनशे घरं हाताने काढण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

पण यंत्र मोठ्या खडकाला घर म्हणतं, गवताच्या गंजीला घर म्हणतं, मातीच्या अंगणातलं मातीचं घर सोडून देतं आणि दाटीच्या वस्तीत गोंधळतं. न तपासता हजारो आकृत्या एका फटक्यात ओतणं याला ‘इम्पोर्ट’ म्हणतात. त्याचे वेगळे नियम आहेत, आधी स्थानिक समुदायाशी चर्चा करावीच लागते. ‘यंत्राने काढलंय म्हणजे बरोबरच’ म्हणून डोळे मिटून स्वीकारणारा स्वयंसेवक आम्हाला हळू काम करणाऱ्यापेक्षा महागात पडतो.

१८. आत्ता पूर आहे, समोरचा रस्ता बंद आहे. नकाशात लगेच टाकू का?

तासा-दोन तासांत किंवा दोन दिवसांत बदलणारी गोष्ट मूळ नकाशात टाकू नका. पाणी उद्या ओसरेल, पण आज कुणीतरी नकाशा उतरवून घेतला असेल तर त्याच्या फोनमध्ये तो रस्ता महिनाभर बंदच राहील (प्रश्न १३). अशा बातम्यांसाठी ‘यूमॅप’वर वेगळा थर करा आणि त्याचा दुवा पथकाला द्या. प्रत्येक नोंदीवर वेळ घाला. वेळ नसलेली ‘रस्ता बंद’ ही नोंद सहा तासांनी अफवा ठरते.

पूल वाहून गेला असेल तर गोष्ट वेगळी. तो आठवड्याभरात परत येणार नाही, म्हणून मूळ नकाशात बदल करा: तिथून वाहन जात नाही असं दाखवा, पण रेषा पुसू नका. तसंच निवारा छावणी. एका रात्रीची सोय असेल तर ती यूमॅपवर, कित्येक महिने राहणारी वस्ती असेल तर मूळ नकाशात.

१९. पडलेली घरं उपग्रहचित्रावरून मोजता येतात का?

जपून. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्सवर हैयान वादळ आदळलं, तेव्हा स्वयंसेवकांनी चित्रं पाहून घरांच्या नुकसानीच्या नोंदी केल्या. नंतर जागेवर पडताळणी झाली तेव्हा त्या पुरेशा भरवशाच्या निघाल्या नाहीत. कारण कळण्यासारखं आहे. खालचा मजला चिरडून वरचा मजला अखंड खाली बसला तर वरून छप्पर शाबूतच दिसतं. उलट, नुसते पत्रे उडालेलं घर वरून उद्ध्वस्त वाटतं.

हे काम प्रशिक्षित लोकांवर सोडावं असं आमचं मत आहे. मोठ्या आपत्तीत ‘इंटरनॅशनल चार्टर’मार्फत अवकाशसंस्था चित्रं पुरवतात आणि युरोपीय संघाच्या कोपर्निकसचे किंवा संयुक्त राष्ट्रांच्या युनोसॅटचे जाणकार नुकसानीचे नकाशे करतात. स्वयंसेवक त्यांना जे देऊ शकतात ते म्हणजे आधी तिथे किती घरं होती याचा आकडा. तो नसेल तर ‘शंभर घरं पडली’ याचा अर्थच लागत नाही: दीडशेपैकी शंभर की तीन हजारांपैकी?

२०. पूररेषा किंवा दरडीचा धोका असलेला पट्टा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये टाकावा का?

गणिती प्रारूपातून आलेली रेषा टाकू नये. जागेवर उभं राहून दुसऱ्याला जे पडताळता येतं तेच या नकाशात जातं, आणि ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ जागेवर दिसत नाही. दरवर्षी पाण्याखाली जाणारा रस्ता, भिंतीवरची पुराची खूण, धोक्याची पाटी, संरक्षक भिंत या गोष्टी दिसतात. त्या टाका.

धोक्याचे थर वेगळे ठेवून ‘क्यूजीआयएस’ या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवा. इंडोनेशियात ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने तयार झालेलं ‘इनासेफ’ हेच करतं. एका बाजूने धोक्याचा थर, दुसऱ्या बाजूने खुल्या नकाशातली घरं आणि शाळा घेतं, आणि किती लोकांना झळ पोहोचेल याचा अंदाज काढतं.

२१. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, अपंगांची घरं नोंदवली तर सुटका सोपी होईल ना?

यादी जरूर करा. खुल्या नकाशात टाकू नका. बचावपथकाला जे दिसतं तेच चोरालाही दिसतं, आणि नंतर पुसलं तरी इतिहासात आणि उतरवून घेतलेल्या प्रतींत ते राहतंच. माणसाचं नाव, आजार, उत्पन्न, धर्म, घरात कोण एकटं असतं, यातलं काहीही खुल्या नकाशात जात नाही. अशी यादी वस्तीतल्या जबाबदार माणसांकडे ठेवा, संबंधितांची संमती घ्या, आणि घराची ओळख पटवायला नकाशातला घरक्रमांक वापरा. हिंसाचारातून सुटलेल्या स्त्रियांच्या आश्रयस्थानांबाबत तर विशेष जपा. ती जगजाहीर पाटी लावून चालत असली तरच नोंदवा.

२२. वस्तीतले लोकच म्हणतात, आम्हाला नकाशावर आणू नका. काय करायचं?

ऐकायचं, आणि आधी कारण विचारायचं. जमीन नावावर नाही, नकाशा झाला की उठवतील अशी भीती असते. काही ठिकाणी सशस्त्र गटांची भीती असते. ‘पण उपग्रहचित्रात तुम्ही दिसताच’ हे उत्तर खरं असलं तरी उद्धट आहे. चित्रात दिसणं वेगळं, आणि नाव, वाटा, पाण्याची जागा यांसकट नोंद होणं वेगळं.

सहसा मधला मार्ग निघतो. इमारती आणि मुख्य रस्ता राहू द्यायचा, आतल्या वाटा, नावं आणि घरांचे तपशील घ्यायचेच नाहीत. किंवा तपशीलवार नकाशा कागदावर करून तो वस्तीकडेच ठेवायचा. तरीही नको म्हणाले तर काम थांबवा, आणि मोहीम ज्या संस्थेने सुरू केली तिला लेखी कळवा, म्हणजे दुसरा गट त्याच वस्तीत पुढच्या महिन्यात टेप घेऊन हजर होणार नाही. दूरच्या कुणीतरी आधीच वस्ती काढून ठेवली असेल तर घाईने पुसू नका. स्थानिक समुदायाच्या चर्चेत विषय मांडा, आणि निर्णय होईपर्यंत त्यात नवा तपशील भरू नका.